मुठीआधीचा शब्द

भूपाल चौगुले यांचा आवाज सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्तीशौकिनांना पाठ होता. जत्रेत मैदान भरलं की ते आखाड्याच्या कडेला माईक घेऊन उभे राहायचे आणि पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत बोलत राहायचे. कुठल्या पैलवानाचा वस्ताद कोण, त्यानं गेल्या साली कुणाला कुठल्या डावावर चीत केलं, त्याच्या आईनं देवाला काय नवस बोलला होता, सगळं त्यांच्या जिभेवर असायचं. डाव पडायच्या आत त्याचं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं, आणि मग मातीत तो डाव पडायचा. लोक म्हणायचे, कुस्ती पैलवान खेळत नाहीत, अण्णा खेळवतात.

एका सकाळी जयसिंगपूरच्या घरात दाढी करता करता ते खाली बसले. मेंदूच्या बुंध्याशी, मणक्याला जोडणाऱ्या देठात, रक्ताची गुठळी अडकली होती. काही महिन्यांत पाय परत आले, डावा हात आला, उजवा थोडाफार आला. जीभ आणि घसा मात्र बोलण्यापुरते आलेच नाहीत. मेंदूत शब्द पूर्वीसारखेच तयार होत होते. तिथून घशापर्यंत जाणारी वाट तेवढी तुटली होती.

अशा माणसांसाठी तोवर एक जाळी निघाली होती. नखाएवढी, केसाहून पातळ तारांची. ती मेंदूच्या पृष्ठभागावर, ओठ-जीभ-घसा हलवायचे हुकूम जिथून सुटतात तिथे बसवतात. आपण ‘पाणी’ म्हणायचं ठरवलं की त्या जागी विजेची एक ठरावीक लहर उठते. जाळी ती लहर पकडते, कानामागच्या डबीतून बाहेर पाठवते आणि संगणक त्या लहरीवरून शब्द ओळखून बोलतो. अण्णांची ही शस्त्रक्रिया झाली. पण जाळी बनवणारी परदेशी कंपनी दोन वर्षांत बंद पडली आणि तिचं बोलकं यंत्रही मुकं झालं. मग देशभरातल्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. तो साध्या लॅपटॉपवर, लिनक्स या मोफत प्रणालीवर चालायचा आणि कुणीही त्यात बदल करू शकायचं.

अण्णांचा लॅपटॉप म्हणजे त्यांच्या मुलीचा, त्रिशलाचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप. त्रिशला इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत मागांचे संगणक सांभाळायची. जुन्या मैदानांच्या ध्वनिमुद्रणांवरून तिनं यंत्राला अण्णांचा आवाज दिला होता. पण ती सगळी मुद्रणं हलगीच्या गदारोळात ओरडून बोललेली. त्यामुळे अण्णा घरात चहा मागायचे तेसुद्धा शेवटची मानाची जोड लागल्यासारखे.

“हळू बोलायला शिकव की गं याला,” त्रिशलाची आई पद्मा म्हणायची. “शेजारचे विचारतात, रोज कसली जत्रा असते म्हणून.”

अडचण आवाजाची नव्हती. अडचण उशिराची होती. अण्णांच्या मनात वाक्य उठायचं आणि जवळजवळ दोन सेकंदांनी ते स्पीकरमधून यायचं. तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. पद्मा विचारायची, “भात वाढू?” आणि उत्तराची वाट न बघता वाढायची. मग भात पानात पडल्यावर दणदणीत आवाज यायचा, “नको!”

एका रविवारी बापलेक फोनवर एका मैदानाचं थेट प्रक्षेपण बघत होते. आता बहुतेक मैदानांत निवेदन यंत्रच करायचं. कॅमेऱ्यातून बघून डावांची नावं अचूक सांगायचं, दर दोन मिनिटांनी “काय ही चुरस!” म्हणायचं. अण्णा पुढे वाकून बसले होते. त्यांचा गुडघा सारखा हलत होता. एका पैलवानानं नुसता खांदा खाली केला आणि अण्णांचे डोळे चमकले. पैलवानानं पट काढला, प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला उचललं, आपटलं, पंचांनी हात वर केला, लोक आखाड्यात धावले. आणि मग लॅपटॉपमधून अण्णांचा आवाज आला, “आता पट काढणार बघ!”

अण्णांनी काठी उचलून भिंतीवर मारली. मग उठून ते ओसरीवर गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिले. त्रिशला काठीचा आवाज ऐकत बसली. थोड्या वेळानं तीही उठली आणि लॅपटॉप उघडून हा उशीर नेमका कुठे होतोय ते शोधू लागली.

शब्द ओळखायला फार वेळ लागत नव्हता. वेळ जात होता वाट बघण्यात. संगणकाच्या अगदी गाभ्यात एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. संगणकात एकाच वेळी शंभर कामं चाललेली असतात आणि कुणाला कधी पाळी द्यायची हे तो ठरवतो. तयार मिळणारा कर्नल जगातल्या सगळ्या लॅपटॉपांसाठी केलेला असतो. त्यात हजारो यंत्रांची ओळख भरलेली असते आणि तो सगळ्यांना सारखं वागवतो. अण्णांचा शब्द दाराशी उभा असला तरी आधी वायफायचं काम, मग घड्याळ, मग कसलीशी नोंद. आपली पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून शब्द ओळखणारा प्रोग्रॅम सावधपणे लहरींचा मोठा साठा जमवून ठेवायचा आणि मगच कामाला लागायचा. साठा लहान केला की मधल्या लहरी हरवायच्या आणि ‘चहा’चं ‘हा’ व्हायचं.

म्हणजे कर्नलच बदलायला हवा होता. नुसता या एका लॅपटॉपसाठी, या एका माणसासाठी बांधलेला.

पुढच्या सुट्टीत सकाळीच तिनं कर्नलचा मूळ मजकूर उतरवून घेतला आणि त्याची लांबलचक निवड-यादी उघडली. प्रिंटर नको. कॅमेरा नको. टचस्क्रीन, गेम खेळायच्या जॉयस्टिक, जुन्या फ्लॉपी, काही नको. पाळ्या बदलणाऱ्या आतल्या घड्याळाची टिकटिक चौपट जलद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अण्णांच्या लहरी आल्या की कर्नलनं हातातलं कुठलंही काम जागच्या जागी सोडायचं आणि आधी त्यांना वाट द्यायची. प्रोसेसरचे दोन भाग तिनं फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवले. मग कंपाइलचा, म्हणजे त्या मजकुरातून चालता कर्नल बांधायचा, हुकूम दिला.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. पद्मानं स्वयंपाकघरातून येऊन हात लावून पाहिला आणि म्हणाली, “अगं, यावर भाकरी भाजून होईल.” त्रिशलानं तो उचलून स्वयंपाकघरातल्या थंड कडप्प्यावर ठेवला. ती घटकेत उभी राहायची, घटकेत बसायची. अण्णा दर थोड्या वेळानं दारात येऊन बोटांनी विचारायचे, झालं? लॅपटॉप कामात होता, म्हणून त्यांना आवाज नव्हता. ती मान हलवायची, ते परत ओसरीवर.

जेवणं झाल्यावर कर्नल तयार झाला. तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या चार ओळी आल्या आणि सगळं थिजलं. कर्नल घाबरला होता. या दशेला इंग्रजीत म्हणतातच तसं, ‘कर्नल पॅनिक’. नको नको म्हणत काढताना तिनं डिस्क ओळखणारा भागही काढून टाकला होता. बिचाऱ्याला स्वतःचं घरच सापडेना. नशिबानं सुरुवातीच्या यादीत जुना कर्नल अजून होता. त्यातून आत शिरून तिनं पुन्हा बांधायला घेतला. दुसऱ्या खेपेला सगळं चाललं, फक्त आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा भाग, राहिला. ऊन उतरेपर्यंत तिसरा झाला.

तिनं कानामागची डबी जोडली. साठा अगदी लहान केला. म्हणाली, “अण्णा, बोला बघू काहीत—”

“काय बोलू?”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“तिरशला!” आवाज गरजला. “अगं, आलं की! लगेच आलं! पद्मा, ए पद्मा, इकडं ये!”

पद्मा पिठाच्या हातानं धावत आली. “काय झालं?”

“काही नाही. हाक मारली.”

पद्मानं पदर तोंडाला लावला. किती दिवसांत कुणी तिला तोंड भरून हाक मारली नव्हती.

त्यानंतरचे दिवस धामधुमीचे गेले. अण्णा दुधवाल्याशी भांडले आणि जिंकले. फोनवर जुन्या पैलवानांशी बोलले. पद्माचं वाक्य मध्येच तोडून पुरं केलं आणि तिनं “मला बोलू द्याल का?” म्हटल्यावर मान मागे टाकून हसले. घर पुन्हा भरून गेलं. त्रिशलानं आपला कर्नल कसा बांधला ते रुग्णांच्या संघटनेला लिहून पाठवलं. बेंगळुरूहून संघटनेच्या प्रमुख नलिनी राव यांचा फोन आला. म्हणाल्या, आमच्याकडे सहाशे माणसं दोन-दोन सेकंद मागे राहून जगताहेत. तू इकडे ये, पूर्ण वेळ हेच काम कर.

त्रिशलाला आधीच स्वस्थ बसवत नव्हतं. आता तर ती गिरणीत मागांच्या खडखडाटात उभी असतानाही मनानं तिकडे असायची.

पण त्याच दिवसांत घरात दुसरंही काहीतरी सुरू झालं. पद्माचा भाऊ जेवायला आला होता. तो आपल्या नव्या घराचं कौतुक सांगत होता, आणि मध्येच अण्णांचा दणदणीत आवाज आला, “पुरे आता, कंटाळा आला.” सगळ्यांचे घास हातात राहिले. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची डावी मूठ घट्ट आवळलेली होती.

त्या मुठीचा अर्थ पद्माला आधीपासून माहीत होता. जाळी बसवताना डॉक्टरांनीच सोय करून दिली होती: तयार झालेलं वाक्य बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर डावी मूठ आवळायची, यंत्र ते पुसून टाकतं. पूर्वी अण्णा दिवसातून कितीतरी वेळा मूठ आवळायचे. प्रत्येक वेळी पद्मा ते बघायची.

त्रिशलानं यावर वाचलं, नलिनीताईंना विचारलं. उत्तर सोपं होतं. आपण बोलतो त्याच्या निमिषभर आधी मेंदूत शब्द जुळून तयार झालेला असतो. त्या निमिषात आपण पुष्कळदा तो परत घेतो. ओठांपर्यंत आलेलं गिळतो, असं म्हणतो ते अगदी खरं असतं; घसा थांबतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अण्णांचा घसा वाटेत नव्हताच. त्यांचं गिळणं मुठीत होतं. जुना कर्नल इतका संथ होता की मुठीला भरपूर अवसर मिळायचा. नवा कर्नल मुठीच्या आधी पोचायचा.

“साठा थोडा वाढवू का?” तिनं विचारलं.

“नको,” अण्णा म्हणाले. “पुन्हा त्या मागं राहण्यात नाही जायचं मला. मी तोंड सांभाळीन.”

तिनं त्यांना बेंगळुरूचं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. सहज सांगावं तसं सांगितलं, “मला बोलावलंय त्यांनी. कायमचं.”

“जाऊ नको.”

मूठ मिटली, पण शब्द केव्हाच येऊन गेला होता. अण्णांनी डोळे मिटले. मग हळू, शब्द शब्द जुळवून म्हणाले, “जा. तू गेलंच पाहिजेस. आधीचं ऐकू नको.”

“त्यातलं खरं कुठलं, अण्णा?”

“दोन्ही,” तेही मुठीआधीच आलं.

त्रिशला भाजी तशीच टाकून बाहेर पडली आणि रेल्वे फाटकापर्यंत चालत जाऊन परत आली. नलिनीताईंना तिनं काहीच कळवलं नाही.

सावळहिऱ्याच्या गावजत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष हिंदुराव घरी आले ते नारळ घेऊनच. अण्णांचा आवाज परत आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, “यंत्राचं निवेदन ऐकून लोक कंटाळलेत, अण्णा. यंदा तुम्हीच पाहिजे. शेवटची जोड रणजित खोत आणि हरयाणाचा सोमवीर.”

रणजितचं नाव ऐकून अण्णांचा चेहरा खुलला. रणजित त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला होता. शाळेच्या चड्डीत पहिली कुस्ती मारली तेव्हा त्याचं नाव माईकवरून पहिल्यांदा अण्णांनीच पुकारलं होतं.

त्रिशला लॅपटॉप, दोन बॅटऱ्या आणि तारांची पिशवी घेऊन सोबत गेली. डोंगराच्या उतारावर माणसं दाटीवाटीनं बसली होती, वर कॅमेऱ्यांचे ड्रोन भिरभिरत होते. अण्णांनी सुरुवात केली आणि पहिल्या दहा मिनिटांत सारं मैदान त्यांच्या हातात आलं. पैलवानाचा पाय हलायचा आणि अण्णांचा शब्द त्याच क्षणी स्पीकरमधून सुटायचा. म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. त्रिशला पडद्यावरचे आकडे बघायचं विसरून बापाकडे बघत राहिली.

शेवटची जोड लागली. हलगी कडाडली. रणजित आणि सोमवीर मातीत उतरले, हात जोडले, खांद्याला खांदा भिडला.

“बघा मंडळी, वाघाला वाघ भिडला. रणजितनं मान धरली. सोमवीर वाकला. रणजित पट काढणार… काढला… सोडला.” अण्णा क्षणभर थांबले. “पुन्हा मान. पुन्हा पट… सोडला. टाच मातीत रुतत नाही कुणाची. अरे, नुरा खेळताहेत हे!”

हलगी थांबली.

नुरा म्हणजे आधी ठरवून, नुसती दाखवायला खेळलेली कुस्ती. आयुष्यभरात अण्णांनी अशा कितीतरी ओळखल्या होत्या आणि सगळ्या गिळल्या होत्या. माईकवर तो शब्द कधी काढायचा नसतो, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अण्णांची मूठ आता इतकी घट्ट होती की नखं तळव्यात शिरली होती.

एक शिट्टी वाजली. मग शंभर. “नुरा! नुरा!” उतारावरून ओरडा उठला, कुणीतरी चप्पल फेकली. आखाड्यात रणजित दोन्ही हात खाली सोडून उभा होता आणि अण्णांकडे बघत होता.

हिंदुराव धावत आले. अण्णांकडे न बघता त्रिशलाशी बोलले. “पोरी, माईक घे. यंत्र बिघडलं म्हणून सांग. दोन शब्दांत मिटतंय सगळं.”

“अण्णा?” तिनं विचारलं.

अण्णा आखाड्याकडेच बघत होते. मूठ तशीच मिटलेली. होय म्हणताहेत की नाही, तिला कळेना. यंत्र बिघडलं म्हटलं तर लोक शांत होतील, रणजितची अब्रू वाचेल. पण मग अण्णा उद्या छातीत दुखतंय म्हणाले तरी ऐकणारा म्हणेल, यंत्र बिघडलंय. त्यांच्यासारख्या त्या सहाशे जणांचंही तेच होईल. आणि नाही म्हणावं, तर जो शब्द बापानं दिला नव्हता तो तिनं बांधलेल्या यंत्रानं त्यांच्याकडून ओढून घेतला होता, हेही खरंच होतं.

“बोल लवकर!” हिंदुराव म्हणाले.

तिनं माईक घेतला. “यंत्र बिघडलेलं नाही. अण्णांना जे दिसलं तेच बाहेर आलं. पण ते बोलायचं की नाही हे ठरवायला त्यांना वेळ मिळाला नाही, तेव्हा त्यांना कुणी—”

मैदानानं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. पुढचं गोंधळात बुडालं.

“तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?” अण्णांचा आवाज स्पीकरमधून कडाडला. रागाच्या झटक्यात मूठ सुटली होती, ती नंतर मिटली.

तेवढ्यात आखाड्यात रणजितनं मूठभर माती उचलून अंगाला फासली आणि दंड थोपटला. सोमवीरनं त्याच्याकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. आता कुस्ती निकाली, हारजीत होईपर्यंत. उतार एकदम गप्प झाला.

ती कुस्ती ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. अण्णांचा आवाज आणि डाव एकाच वेळी पडत होते. टांग लागली, निसटली. सोमवीरनं मागून कंबर धरली, रणजित मासोळीसारखा फिरला. आणि मग अण्णा ओरडले, “उजवा गुडघा! आधीच दुखावलाय तो! थांबवा! पंच, थांबवा!”

पंचांनी शिट्टी तोंडाला लावेपर्यंत सोमवीरचा भार त्या पायावर आला. उतारावरच्या मागच्या रांगांनाही गुडघा मोडल्याचा आवाज ऐकू गेला.

मागाहून कळलं ते असं. रणजितचा गुडघा महिन्याभरापूर्वीच सरावात गेला होता. जत्रेचं नाव जाऊ नये म्हणून हिंदुराव आणि दोन्ही वस्तादांनी बरोबरीत सोडवायचं ठरवलं होतं. सोमवीरनं अवघड डाव टाकायचे नाहीत, रणजितनं अंगावर धावून जायचं नाही, लोकांनी टाळ्या वाजवून घरी जायचं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

घरी अण्णांनी कानामागची डबी काढून टेबलावर ठेवली आणि चार दिवस लावलीच नाही. बापलेकीत बोलणं नव्हतं. पद्मा दोघांना वाढायची. पाचव्या दिवशी तिनं डबी आणून अण्णांच्या हातात दिली. “तिच्यावर रागावलाय का स्वतःवर, ते एकदा बोलून टाका. घरात श्वास घ्यायला जागा राहिली नाही.”

अण्णांनी डबी लावली. “दोघांवर,” आवाज आला. मग, “हिच्यावर कमी.”

त्रिशला समोर येऊन बसली. “मी बेंगळुरूला जातेय, अण्णा. हा कर्नल सहाशे माणसांच्या घरी जाणार आहे. तो काय काय करतो हे त्यांना आधी कुणीतरी सांगायला पाहिजे. दोन्ही कर्नल दिले पाहिजेत, संथ आणि जलद, आणि कधी कुठला लावायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हे तिथं बसून करावं लागेल.”

“मला कोण बघणार?” मूठ मिटलीच नाही यावेळी. त्यांना ते बोलायचंच होतं.

“मी मेले का?” पद्मा म्हणाली. “दाखव गं मला, कुठलं बटण दाबायचं ते.”

निघायच्या आधी त्रिशला अण्णांना घेऊन मिरजेला गेली. रणजित तिथल्या रुग्णालयात होता. जाताना अण्णा म्हणाले, “आज संथ लाव. तिथं काही तोंडून जायला नको.” तिनं तसं केलं.

रणजितचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत चौकटीत बांधलेला होता. खाटेवर त्याचं धिप्पाड शरीर सारखं कूस बदलायला बघत होतं आणि अडकत होतं. अण्णांना बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

“पडून राहा, पैलवान,” दोन सेकंदांनी अण्णांचा आवाज आला.

“हे कसलं?” रणजितनं विचारलं. “मैदानात तर पटापट बोलत होता तुम्ही.”

त्रिशलानं त्याला सगळं समजावून सांगितलं. मूठ, घसा, संथ आणि जलद. रणजित छताकडे बघत ऐकत होता.

“म्हणजे तुम्हाला ते बोलायचं नव्हतं.”

अण्णांनी मान हलवली. मग वाक्य आलं, “नव्हतं. माफ कर मला.”

“दिसलं ते बोलला तुम्ही. मातीत पुन्हा उतरायचं मी ठरवलं, तुम्ही नव्हे.” त्यानं पायाच्या चौकटीवर बोटं आपटली. “अण्णा, इथं रोज माणसं येतात. वस्ताद येतात, हिंदुराव येतात, डॉक्टर येतात. सगळे म्हणतात, पुढच्या साली पुन्हा आखाड्यात. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. काहीच कळत नाही. झोप लागत नाही मला.” तो त्रिशलाकडे वळला. “ताई, ते जलदवालं लाव.”

अण्णांनी जोरात नकारार्थी मान हलवली.

“लाव,” रणजित म्हणाला. “मी मागतोय.”

त्रिशलानं अण्णांकडे पाहिलं. ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. मग वर न बघताच लॅपटॉपकडे बोट केलं. तिनं तो बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला, ओळी धावल्या.

“अण्णा, तुम्ही हजार गुडघे बघितले असतील,” रणजित म्हणाला. “मी पुन्हा कुस्ती खेळे—”

“नाही.”

अण्णांची मूठ मिटली, उघडली, खाटेच्या कडेवर पडून राहिली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

रणजितनं डोळे मिटले. त्याची छाती एकदा मोठी वर आली आणि खाली गेली. इतका वेळ वळवळणारे त्याचे खांदे उशीत स्थिर झाले. परिचारिका येऊन सलाईनची बाटली बदलून गेली तरी तो हलला नाही. त्रिशलाला वाटलं, झोपला. पण मग तो हळूच म्हणाला, “मग आता काय करू मी?”

तिनं स्पीकरकडे पाहिलं. पंखा घरघरत होता. पडद्यावर लहरी येत होत्या, जात होत्या, पण त्यांतून एकही शब्द बनत नव्हता. मूठही उघडीच होती. अण्णांना खरंच काही सुचत नव्हतं.

रणजितनं वाट बघितली. मग हात लांब करून खाटेलगतचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

“पाय वर घ्या, अण्णा, अवघडला असाल,” तो म्हणाला. “चहा सांगतो.”